दप्तराच्या दारावरील यादी

एखाद्या संस्थेचें किंवा सरकारी खात्याचें संकेतस्थळ ज्या यंत्रणेवर चालतें तींत नवा कागद चढवावयास बसलें म्हणजे दाराशींच एक लहानशी यादी आडवी येते. अमुक जातीच्या फाइली चालतील, अमुक चालणार नाहींत, अमुक आकाराहून मोठी फाइल नको. चित्र असेल तर जे.पी.जी. किंवा पी.एन.जी., लेख असेल तर पी.डी.एफ., आवाज असेल तर एम.पी.३, चलच्चित्र असेल तर एम.पी.४. चढविणारा कारकून ती यादी वाचीतही नाहीं. फाइल परत आली म्हणजे तो कपाळाला आठ्या घालतो, नांवापुढचीं तीन अक्षरें बदलून पाहतो, आणि तरीही ती परत आली तर शेजारच्या टेबलावर विचारावयास जातो. ही यादी कोणी केली, कां केली, आणि तींत ज्याला जागा नाहीं त्याचें पुढें काय होतें, हे प्रश्न त्या घाईंत कोणाला सुचावयाचे?

अशी यादी संगणकानें प्रथमच आणली असें मात्र नव्हे. लिहिलेली वस्तु जेथें जेथें सांठविली जाते तेथें तेथें कोणतें रूप आंत घ्यावयाचें आणि कोणतें बाहेर ठेवावयाचें हें कोणी ना कोणी ठरवीतच आलेलें आहे. खानदेशांत याचे दाखले आठशें वर्षांइतके जुने सांपडतात, आणि ते पाहिल्यावांचून आजच्या यादीचें मर्म नीट ध्यानांत येत नाहीं.

जळगांव जिल्ह्यांत चाळिसगांवाजवळ, डोंगराच्या पायथ्याशीं पाटण हें ठिकाण आहे. तेथील शिलालेखांत शके ११२८ चा काळ दिलेला आहे. म्हणजे तो इ. स. १२०७ च्या सुमाराचा. गणिती आणि ज्योतिषी भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि यादव राजा सिंघण याचे मांडलिक असलेल्या निकुंभ वंशांतील राजांनीं त्या मठाला देणग्या दिल्या, असा त्यांतील मजकूर आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. शेवटीं देणग्यांचा तपशील आला म्हणजे भाषा मराठीवर येते. वंशाची थोरवी विद्वानांनीं वाचावी, पण बाजारांत कोणी किती द्यावयाचें हें प्रत्यक्ष देणाऱ्याला कळलें पाहिजे, असा व्यवहारी हिशेब त्यामागें असावा. शिळा हें रूप महाग. तिच्या यादींत दानपत्रासारख्या लेखाखेरीज फारसें कांहीं बसत नाहीं. मठांतील विद्यार्थ्याची धूळपाटीवरील आकडेमोड किंवा बाजारांतील व्यापाऱ्याची चिठी यांना दगडाच्या दारांत प्रवेश नव्हता, तीं गेलीं. जें आंत गेलें तें मात्र टिकलें. आणि एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं तो लेख विद्वानांपुढें आणला तेव्हां तो वाचावयास डोळे आणि भाषेचें व लिपीचें ज्ञान यांपलीकडे कोणतेंही यंत्र लागलें नाहीं.

कागदाचा प्रसार झाला आणि यादी एकदम सैल झाली. पत्र, सनद, निवाडा, हिशेबाची वही, वंशावळ, औषधाची कृति, जें जें लिहिलें तें तें कापडाच्या रुमालांत बांधलें जाऊन दप्तरांत पडलें. व्यवहाराचा कागद मोडींत असे, कारण बोरू फारसा न उचलतां ती लिपि भराभर लिहितां येते. पोथी मात्र बालबोधांत, सुट्या आणि ठसठशीत अक्षरांत. म्हणजे एकाच घरांत दोन रूपें सुखानें नांदत. एक वेगासाठीं आणि दुसरें पुनः पुन्हां वाचण्यासाठीं. आजच्या संगणकाच्या भाषेंत हाच भेद निराळ्या नांवांनीं पुढें येतो.

या सैल यादीचें ऋण फेडणारा पुरुष म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. वाड्यांच्या माळ्यांवर, देवळांच्या कोठड्यांत, रद्दीच्या ढिगाऱ्यांत पडलेलें कागद त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविले; ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि पुढें त्या मालेचे बावीस खंड झाले. बखरीपेक्षां त्या त्या वेळीं लिहिलेलें अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हा त्यांचा आग्रह होता. सजविलेल्या ग्रंथापेक्षां साध्या चिठीला मोल देणारी ही दृष्टि त्या काळीं पुष्कळांना चमत्कारिक वाटली असेल. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांचें देहावसान झालें, आणि त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं, ९ जानेवारी १९२७ रोजीं, भास्कर वामन भट प्रभृति धुळेकरांनीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापिलें. राजवाड्यांनीं जमविलेलीं दप्तरें आणि त्यांचीं टिपणें तेथें सांभाळलीं गेलीं. त्यांच्या टिपणांवरून धातुकोश १९३७ सालीं, आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ सालीं बाहेर पडला. त्याच शहरांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा शोध चालविला होता. सत्कार्योत्तेजक सभेनें १९०५ सालीं दासबोध छापला तो डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. आणि देवांनीं उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरांत आज हजारों हस्तलिखितें आहेत. एका लहान शहरांत अशीं दोन भांडारें असावींत ही धुळ्याची पुण्याईच म्हणावयाची.

परंतु मोडी कागद छापावयाचा म्हणजे तो बालबोधांत उतरवावा लागे, आणि येथें रूपांतराचा जुनाच प्रश्न उभा राहतो. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार उकारांचा भेद पाळीत नाहींत. बालबोधांत उतरवितांना तो संपादकाला आपल्या समजुतीप्रमाणें घालावा लागतो. एखादा ठिपका अनुस्वार कीं शाईचा डाग, याचा निकाल एकदां छापलेल्या पानावर लागला कीं वाचकाला मूळ संशय दिसतच नाहीं. छापील प्रत ही सोयीची, सर्वत्र पोंचणारी आणि म्हणून आवश्यक. पण ती मूळ कागदाची जागा घेऊं शकत नाहीं. छापून झालेलीं दप्तरेंही या भांडारांनीं जपून ठेवलीं यांतच त्यांचें शहाणपण दिसतें.

आणि जें लिहिलेंच नाहीं त्याचें काय? जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. शेतांत आणि जात्यावर त्यांनीं रचलेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनीं ऐकून लिहून ठेवल्या म्हणून उरल्या. बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या आणि गाण्यांचें पुस्तक १९५२ सालीं निघालें. शब्द कागदाच्या दारांतून आंत आले. ज्या चालीवर आणि ज्या लेवा बोलींतील हेलानें त्या म्हणत तो आवाज दाराबाहेरच राहिला. त्या काळीं खेड्यांतील घराच्या यादींत आवाज हें रूपच नव्हतें. आज कोणाही माणसाच्या खिशांतील फोन तो घेतो, आणि संकेतस्थळही एम.पी.३ म्हणून तो ठेवून घेतें. एवढ्या एका फरकाचें मोल असोद्याकडे पाहिलें म्हणजे कळतें.

आतां आजच्या यादीकडे वळावें. जगांतील पुष्कळ संकेतस्थळें ज्या यंत्रणेवर चालतात ती वर्डप्रेस २००३ सालीं निघाली. तिच्या यादींत चित्रांच्या, लेखांच्या, आवाजाच्या व चलच्चित्रांच्या कांहीं ठराविक जातींनाच परवानगी असते. यामागचें पहिलें कारण सुरक्षिततेचें आहे आणि तें समजण्यास सोपें आहे. बहुतेक फाइली म्हणजे कागद. त्या वाचावयाच्या असतात. परंतु कांहीं फाइली कागद नसून हुकूम असतात. पी.एच.पी. जातीची फाइल दप्तरांत शिरली आणि कोणी ती उघडली, तर ती मुकाट्यानें पडून न राहतां संकेतस्थळाच्या यंत्राला कामाला लावूं शकते, आणि तें काम चोराच्या हिताचेंही असूं शकतें. म्हणून हुकुमांना मज्जाव. एस.व्ही.जी. जातीचें चित्र दिसावयास निरुपद्रवी. पण तें वस्तुतः शब्दांत लिहिलेलें चित्र असल्यामुळें त्यांत हुकूम दडवितां येतो. पुष्कळ यंत्रणा तें आपण होऊन घेत नाहींत तें यामुळेंच. कारकुनाला हा अन्याय वाटतो, पण पहारेकऱ्याची शंका निराधार नाहीं.

नांवापुढचीं अक्षरें बदलून फाइल आंत सरकविण्याचा प्रयत्न कां फसतो तेंही यावरून उमगेल. फाइलीचें नांव एक आणि पोट दुसरें असूं शकतें, म्हणून सावध यंत्रणा पोट तपासतें. पी.डी.एफ. फाइलीच्या अगदीं आरंभीं तें नांव लिहिलेलें असतें, पी.एन.जी. च्या आरंभीं तिचींही अक्षरें असतात. वर्ड या लेखनयंत्रणेची डॉक्स जातीची फाइल उघडून पाहिली तर सुरुवातीस ‘पी’ आणि ‘के’ हीं दोन अक्षरें सांपडतात. फाइलींचें गांठोडें बांधण्याची झिप नांवाची रीत काढणारे फिल कॅट्झ यांचीं तीं आद्याक्षरें. डॉक्स ही एक फाइल नव्हेच; मजकूर, चित्रें, अक्षरांची मांडणी असे अनेक तुकडे एकत्र बांधलेला तो एक रुमाल आहे. पेशव्यांच्या दप्तरांतील कारकुनाला ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती.

दुसरें कारण आकाराचें. वर्डप्रेस ज्या पी.एच.पी. भाषेंत लिहिलेली आहे तिची मूळची मर्यादा एका फाइलीला २ एम.बी. एवढीच, व्यवस्थापक ती वाढवूं शकतो, पण पुष्कळ ठिकाणीं ती वाढविण्याचें कोणाच्या मनांतच येत नाहीं. आतां धुळ्याच्या भांडारांतील एखाद्या मोडी कागदाचें चित्र घ्यावयाचें आहे असें समजूं या. आज कचेरींत वापरतात त्या ए-४ आकाराचें पान इंचाला ३०० बिंदु या प्रमाणांत रंगीत टिपलें तर कांहीं न वगळतां तें पंचवीस-सव्वीस एम.बी. होतें. टिफ या जातींत तें तसेंच्या तसें ठेवतां येतें, म्हणून भांडारें ती जात पसंत करतात. परंतु बहुतेक ब्राउझर टिफ दाखवीतच नाहींत, आणि २ एम.बी. च्या दारांतून ती जाणार तरी कशी? मग जे.पी.जी. करावें लागतें. ही रीत १९९२ सालीं ठरली. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील ती गाळून टाकते. माणसाच्या फोटोला तें शोभतें. पण फिकट शाईच्या बारीक रेघांभोंवतीं त्यामुळें धूसर कड उठते, आणि प्रत्येक वेळीं फाइल उघडून पुन्हां सांठविली कीं आणखी कांहीं तरी गळतें. ठिपका अनुस्वार कीं डाग हा राजवाड्यांच्या काळचा संशय येथें पुन्हां भेटतो. फरक इतकाच कीं पूर्वीं निकाल संपादक देई, आतां गणित देतें.

यादी स्थिरही नसते. वेबपी जात २०१० सालीं निघाली, वर्डप्रेसनें ती २०२१ सालीं घेतली. आयफोन २०१७ पासून फोटो एच.ई.आय.सी. रूपांत टिपूं लागले; त्यांना दार उघडावयास २०२४ साल उजाडावें लागलें, आणि तेंही आंत येतांना जे.पी.जी. करून घेण्याच्या बोलीवर. उलट एकेकाळीं हलत्या चित्रांसाठीं जिकडे तिकडे वापरली जाणारी फ्लॅश ही जात तिच्या मालकांनींच ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद केली. तींत केलेले धडे आणि चित्रें आज साध्या ब्राउझरमध्यें उघडत नाहींत. तो कागद फाटला नाहीं, त्याला वाळवी लागली नाहीं, तरी तो वाचतां येत नाहीं. पाटणच्या शिळेवर असा प्रसंग आला नाहीं याचें कारण दगडाचा कठीणपणा हें अर्धेंच आहे. अक्षर कसें वाचावें हें ज्ञान कोणा एकाच्या मालकीचें नव्हतें, हें दुसरें अर्धें.

पी.डी.एफ. चा इतिहास या दृष्टीनें बोलका आहे. अडोबी कंपनीनें ती १९९३ सालीं काढली. पान जसें मांडलें तसेंच दुसऱ्याच्या यंत्रावर दिसावें हा हेतु. पुढें दप्तरांत दीर्घकाळ ठेवण्यासाठीं तिचा एक कडक प्रकार २००५ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरला. त्यांत अक्षरांचे साचे फाइलीच्याच पोटांत ठेवले पाहिजेत, कुलूप घालतां कामा नये, बाहेरच्या कशावर विसंबतां कामा नये, असे नियम आहेत. आणि २००८ सालीं मूळ पी.डी.एफ. ही स्वतःच आंतरराष्ट्रीय मानक झाली, म्हणजे ती कशी वाचावी हें कंपनीचें गुपित उरलें नाहीं. आज जळगांव आणि धुळें या दोन्ही जिल्ह्यांचीं सरकारी संकेतस्थळें राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें बांधलेल्या एकाच सामाईक चौकटीवर उभीं आहेत, आणि तेथील जाहिराती, याद्या, सूचना मुख्यतः पी.डी.एफ. रूपांतच दिसतात. निवड योग्य आहे. परंतु पी.डी.एफ. हें नांव एक, आणि तिच्या पोटांतही दोन गोष्टी असूं शकतात.

खरी मेख येथेंच आहे. मराठी मजकूर संगणकावर प्रथम लिहिला जाऊं लागला तेव्हां निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापले फॉन्ट काढले. रोमन अक्षरांसाठीं ठरलेल्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवून काम भागविलें गेलें. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या वहींत नोंद एखाद्या रोमन अक्षराची असे. फॉन्ट असेपर्यंत सर्व ठीक. फॉन्ट गेला कीं मराठी पान म्हणजे रोमन अक्षरांची खिचडी. यावर १९९१ सालींच भारतीय मानक आणि युनिकोड असे दोन उपाय निघाले होते. युनिकोडमध्यें प्रत्येक देवनागरी अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. भारत सरकारनें ई-प्रशासनासाठीं युनिकोड हें मानक २००९ सालीं ठरविलें. तथापि संवय लवकर सुटत नाहीं. जुन्या फॉन्टांत लिहून पी.डी.एफ. केली, किंवा कागदावर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो पी.डी.एफ. मध्यें बसविला, तरी दारावरची यादी तिला अडवीत नाहीं. जात बरोबर, आकार बरोबर. फाइल आंत जाते. पण लाभार्थ्यांच्या यादींत स्वतःचें नांव शोधणाऱ्या शेतकऱ्यानें तें टाइप केलें तर तें सांपडत नाहीं. ज्या अंध माणसाला यंत्र मजकूर वाचून दाखवितें त्याला असें पान एक तर मुकें असतें किंवा अर्थहीन बडबड करतें. दाराशीं रूप तपासलें जातें, अक्षर तपासलें जात नाहीं. सरकारी संकेतस्थळें सर्वांना वाचतां यावींत म्हणून केंद्र सरकारनें मार्गदर्शक नियम २००९ पासून घालून दिले आहेत. ते पाळण्याचें काम शेवटीं फाइल चढविणाऱ्या त्याच कारकुनाच्या हातीं येतें, आणि त्याला हें कोणी शिकविलेलें असतेंच असें नाहीं.

मोडीची हकीकत तर याहून विलक्षण. विसाव्या शतकाच्या मध्यास ती व्यवहारांतून गेली, आणि लाखों कागद असे राहिले कीं ते वाचणारे थोडे. संगणकावर तिला जागा मिळाली ती जून २०१४ मध्यें, युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत. आतां मोडीचें अक्षर मोडीच म्हणून लिहून ठेवतां येतें. बालबोधांत आणून ऱ्हस्व-दीर्घाचा निकाल लावलाच पाहिजे असें उरलें नाहीं. पण क्रमांक मिळाला तो पुढच्या मजल्यावरचा. देवनागरीचें एक अक्षर सामान्यतः तीन बाइटांत मावतें, मोडीचें चार घेतें. वर्डप्रेस आपला सर्व मजकूर ज्या कोठारांत ठेवते त्या माय-एस्-क्यू-एल् मधील जुना साचा तीन बाइटांपुरताच कापलेला होता. चार बाइटांचें अक्षर आलें कीं तें आंत घेतलें जात नसे. चार बाइटांचा साचा २०१० सालीं तयार झाला होता, परंतु वर्डप्रेसनें तो स्वीकारला एप्रिल २०१५ मध्यें. चिनी लिपींतील कांहीं अक्षरांना आणि निरोपांत लोक पाठवितात त्या हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या चित्रांनाही तेवढीच जागा लागत होती, आणि जगाची मागणी त्यांच्यासाठीं होती. दार उघडलें गेलें त्यांच्याकरितां, आणि त्यांच्या मागोमाग मोडी आंत आली.